उसवण्याच्या दुपारी

उन्हाळ्यात आमच्याकडे मशीन सकाळी सात ते साडेनऊ चालतं. तेवढा वेळ खोलीत वारा असतो, इस्त्रीची धग सोसवते आणि घामेजलेल्या बोटांचे ठसे कापडावर उमटत नाहीत. दुपारी मशीनवर झाकण. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्याची झोपेची वेळ एक ते चार, आणि माझं जुनं लोखंडी मशीन सुरू झालं की त्याची धडधड फरशीतून थेट खाली पोचते. म्हणून दुपार उसवण्याची. पंखा मंद करायचा, नाहीतर दोऱ्याचे तुकडे घरभर उडतात. खिडकीशी बसायचं, कोणाचा तरी जुना शर्ट मांडीवर घ्यायचा आणि शिवणीत सीम रिपरचं, म्हणजे टाके कापायच्या छोट्या हत्याराचं, टोक अलगद घालायचं.

गेल्या चार उन्हाळ्यांत मी नवीन कापड जवळजवळ घेतलेलं नाही. चादरी, उशांचे अभ्रे, पुरुषांचे शर्ट, पडदे, टेबलक्लॉथ, दोन-तीन जीन्स. बरंचसं वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून आणलेलं, थोडं नातेवाइकांच्या कपाटांतलं, आणि एक भलंमोठं खोकं घर बदलून गेलेल्या शेजाऱ्यांनी जाताना आमच्या दारात ठेवलेलं. शिवणकाम मी रीतसर शिकले, पण आज जे येतं त्यातलं निम्मं तरी मला उसवताना कळलं आहे.

उदाहरणार्थ कॉलर. मी शिवलेल्या कॉलरची खालची बाजू नेहमी कडेने डोकवायची. इस्त्री करून, दाबून, वरून टीप मारूनही. मग एका चांगल्या शिंप्याने शिवलेल्या शर्टाची कॉलर उसवली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले, तर वरचा तुकडा खालच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा निघाला. एवढंच. त्या जादा दोन मिलिमीटरमुळे वरचं कापड कडेवरून वळून खाली जातं आणि शिवण आपोआप लपते. हे मला वर्गात कोणी सांगितलं असेलही, पण माझ्या लक्षात राहिलं ते त्या दुपारी.

उसवण्याची रीत सोपी आहे, घाई केली तरच कापड फाटतं. शिवणीच्या एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढायचा. तो सरळ, अखंड निघून येतो. दोन्ही बाजूंनी कापड ताणून मधले टाके भराभर कापत जाणं जलद वाटतं, पण विरलेल्या कापडाला तिथेच चीर जाते. सगळंच उसवत बसू नये, हेही मी सांगेन. ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे दशा सुटू नयेत म्हणून दोऱ्याने गुंफलेल्या कडा आणि शर्टाच्या बाजूची दुहेरी दुमडलेली शिवण मी सरळ कात्रीने कापून टाकते. तिथे मिळणारं अर्धा इंच कापड एका दुपारच्या मोलाचं नसतं. कॉलर, कफ, खिसा आणि पाठीवरचा योक, म्हणजे खांद्यालगतचा आडवा तुकडा, मात्र टाका टाका सोडवावा.

जीन्सच्या पायाच्या दुमडीला पुष्कळदा साखळी टीप असते. तिचं योग्य टोक सापडलं आणि ओढलं की सगळी टीप एका झटक्यात सुर्रकन सुटते. चुकीच्या टोकाला कितीही ओढा, ती हलत नाही. पोत्यांचं तोंड याच टाक्याने शिवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पीठ आणि जनावरांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. गावातल्या बायका त्या पोत्यांचे झगे शिवतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं आणि पोत्यांवर फुलापानांची छपाई होऊ लागली. एका झग्याला साधारण तीन पोती लागत, म्हणून एकाच नक्षीची तीन पोती मिळवण्यासाठी बायका आपसांत अदलाबदल करत. साखळी टीप सुटताना मला दर वेळी त्या बायकांची आठवण येते. दोरासुद्धा त्या गुंडाळून ठेवत आणि परत वापरत. मी जीन्सचा दोरा ठेवते. तो जाड असतो, बटणं लावायला फार छान.

शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो. हा शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा वापरला, त्याला कपडा कोणासाठी शिवतात हे नीट ठाऊक असणार. घरी किंवा शिंप्याकडे शिवलेल्या जुन्या कपड्यांत बाजूला इंचभर आणि खाली चार-चार बोटं माया सापडते. मूल वाढेल, माणूस जाड होईल, कपडा पुढच्याला जाईल, हे सगळं त्यात धरलेलं असतं. आताच्या तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या आत सेंटिमीटरभर कापड मिळालं तरी पुष्कळ. त्यामुळे असे कपडे लहान करता येतात, मोठे करता येत नाहीत. दुकानात कपडा हातात घेतला की मी आधी तो उलटा करते. रंग आणि नक्षी नंतर.

मायेत आणखी एक गोष्ट सापडते: कापडाचा मूळ रंग. शर्ट बाहेरून धुवून धुवून आभाळी झालेला असतो आणि शिवण उघडली की आत गडद निळी पट्टी निघते. खिसा काढला की त्याच्या खाली तोच निळा चौकोन. मला आता हे फिकट-गडद भाग लपवावेसे वाटत नाहीत. गेल्या वर्षी अशा एका शर्टाच्या पाठीची आणि छातीची पिशवी शिवली. खिशाच्या जागेचा तो गडद चौकोन मुद्दाम दर्शनी बाजूला मधोमध घेतला. लोक विचारतात, हा रंग कुठे मिळाला?

कापड ओळखण्याचं काम आमच्याकडे सासूबाईंचं. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, बारीक काम तर जवळजवळ दिसतच नाही. पण मी काही आणलं की त्या हात पुढे करतात, कडेचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, मग गालाला लावतात.

"अगं, ह्यात टेरिकॉट आहे. नुसतं सूत नव्हे."

"आई, लेबलवर कॉटन लिहिलंय."

"लेबल कुठल्या कपड्याचं आहे ते बघ. हे सूत नाही."

मी दोन धागे काढून जाळून पाहिले. त्यांचंच खरं होतं, सुतात पॉलिस्टर मिसळलेलं. हा धाग्याचा प्रयोग करायचा असेल तर सिंकमध्ये किंवा धातूच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, आणि कापड नव्हे तर मोजून दोन-चार धागे. सुती धागा पटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ करडी राख राहते, लिननचंही तसंच. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी होतो. रेशीम आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ते सहसा आपोआप विझतात. मिश्र कापडात राखही मिळते आणि बोटाला टोचणारा खडाही. आमच्या टेरिकॉटमध्ये असाच खडा सापडला.

उन्हाळ्याच्या कपड्यांसाठी एवढा खटाटोप का, तर अंगाला कळतं म्हणून. वीस अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत, हाताला पूर्ण कोरडं लागणारं सुती कापडही वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरून असतं. पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. घाम आला की सूत तो शोषतं आणि हळूहळू हवेला देतं. साधं पॉलिस्टर त्याला आत घेत नाही आणि अंगाला चिकटतं. त्यातही वापरलेलं सूत मला नव्यापेक्षा जास्त आवडतं. नव्या कापडात खळ असते, पहिल्या एक-दोन धुण्यांत ते आटतं, कधी रंग सोडतं. शंभर वेळा धुतलेली चादर हे सगळं करून मोकळी झालेली असते. ती आता आहे तशीच राहणार. तुम्ही जे माप घ्याल ते पुढेही तेच.

पण शंभर वेळा धुतलेली चादर कुठे विरली आहे हे पाहिल्याशिवाय कात्री लावू नये. हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. पहिल्याच उन्हाळ्यात मला एक सुंदर चादर मिळाली, पांढऱ्यावर बारीक हिरव्या रेघा, हाताला अगदी लोण्यासारखी. मी तिची चौघडी करून मधोमध झग्याची पाठ आणि पुढचा भाग बेतला, कारण मध्ये कापड सलग मिळतं. आठ दिवस त्यावर काम केलं. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, बाजूला खिसे, सगळं. तिसऱ्या धुण्यानंतर खाली बसले आणि पाठीवर टर्रकन आवाज झाला. शिवण शाबूत होती, कापड गेलं होतं. माणूस झोपतो ती जागा, म्हणजे खांद्यापासून कमरेखालपर्यंतचा मधला पट्टा, चादरीत सगळ्यात आधी विरतो. मी नेमका तोच पट्टा उचलून पाठीवर बसवला होता.

सासूबाईंना त्या फाटण्याच्या आवाजावरूनच कळलं. "मधलं कापड घेतलंस का गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

तेव्हापासून चादर आधी खिडकीला टाचते. सकाळच्या उजेडात विरलेला भाग स्वच्छ दिसतो, जाळीसारखा. त्याच्या भोवती खडूने रेघ मारून घेते. मग उरलेल्या भागात दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड उभं-आडवं ताणून पाहते. धागे सरकले किंवा बारीक करकर ऐकू आली तर तो भागही बाद. बहुतेक जुन्या चादरीत मधला तिसरा हिस्सा जातो आणि दोन्ही कडांचे लांब पट्टे जवळजवळ नवे राहतात.

ब्रिटनमध्ये बायका नेमकं हेच ओळखून चादर मधोमध उभी फाडत, बाहेरच्या कडा आत आणून जोडत आणि विरलेला भाग कडेला गादीखाली खोचायला ठेवत. एक चादर अशी पुन्हा काही वर्षं चाले. युक्ती जुनीच, पण महायुद्धाच्या काळात तिला फार मोल आलं. तिथे १ जून १९४१ पासून कपडे कूपनांवर मिळू लागले, पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, एका लोकरी झग्याला त्यातली ११ जात. आणि हे रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चाललं. जवळजवळ आठ वर्षं. मधोमध शिवण असलेली चादर पाठीला टोचत असेल असं मला वाटायचं, म्हणून एक करून पाहिली. दोन्ही काठ शेजारी शेजारी ठेवून हाताने बारीक टाक्यांनी जोडले तर शिवण सपाट बसते, झोपल्यावर जाणवत नाही. ती चादर आम्ही अजून वापरतो.

कडांच्या लांब पट्ट्यांतून मात्र उन्हाळाभराचं काम निघतं. सर्वांत झटपट म्हणजे घेरदार स्कर्ट. पांघरायच्या चादरीला डोक्याकडच्या बाजूला चांगली चार बोटं रुंद दुमड असते. तो तयार नेफाच आहे. त्यात इलास्टिकच्या रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त सोडून एक टीप मारायची, बस्स. माझी कंबर ८० सेंटिमीटर, तर चादरीची दीडशे ते एकशे साठ सेंटिमीटर रुंदी पुरते. चुण्यांसाठी कमरेच्या दीड ते दुप्पट कापड हवं. इलास्टिक कमरेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर कमी. लांबी आपल्याला हवी तेवढी मोजून तिथे छोटी चीर द्यायची आणि हाताने फाडायचं. हो, फाडायचं. साध्या विणीचं सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, आणि जुन्या चादरीची कड कितीही सरळ दिसली तरी ती धाग्यावर असतेच असं नाही. कात्रीने कडेला समांतर कापलेला माझा पहिला स्कर्ट एका बाजूला लोंबायचा. उभ्या शिवणीला फ्रेंच शिवण घालते: आधी उलट्या बाजू समोरासमोर ठेवून अर्धा सेंटिमीटरवर टीप, मग कड तीन मिलिमीटरवर कातरायची, कापड उलटवून इस्त्री, आणि सात-आठ मिलिमीटरवर दुसरी टीप. आत एकही दशी उरत नाही. पातळ, जुन्या कापडाला ओव्हरलॉकपेक्षा हीच शोभते.

लेकीचा झगा उशीच्या अभ्र्याचा. ती सात वर्षांची आहे. साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचा अभ्रा घ्यायचा. उघडं तोंड खाली, त्याची दुमड हीच झग्याची खालची कड. बंद बाजू कापून टाकायची. अभ्रा उभा दुमडून वरच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटर आत आणि बारा सेंटिमीटर खाली असा वळणदार मुंढा, म्हणजे हात जाण्याची जागा, कापायचा. मुंढ्याला उरेब पट्टी, वर पुढे आणि मागे तीन सेंटिमीटरचा नेफा, त्यातून एक लांब फीत ओवून खांद्यावर गाठ. सकाळी सातला कापलेला झगा नऊ वाजता तिच्या अंगावर होता. उरेब पट्टी शर्टाच्या पाठीतून निघते: कापड ४५ अंशांत तिरकं धरून चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या की दुमडून सेंटिमीटरभराची गोट मिळते. पट्टी तिरकी असते म्हणूनच ती मुंढ्याच्या वळणावर सुरकुती न पडता बसते. सरळ धाग्यावरची पट्टी कितीही चुचकारली तरी बसत नाही.

लेकीची एकच अट असते, खिसा. आणि तो तिची मूठ आत जाऊन वर दोन बोटं उरतील एवढा खोल. तिच्यासाठी मी शर्टाचे खिसे अख्खे काढून ठेवते. वरची दुमड, टोकाचा आकार, सगळं तयार. कच्च्या टाक्याने बसवायचा, कडेने टीप मारायची, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत छोटे त्रिकोण. खिसा नेहमी तिथूनच उसवतो.

शर्टाची पुढची बटणपट्टी फेकू नका. काज करणं हे माझ्या मशीनवरचं सगळ्यात त्रासाचं काम आहे, आणि इथे पाच-सहा काजं कुणीतरी सुबक करून ठेवलेली असतात. बटणं लावलेल्या स्थितीत शर्टाच्या पुढच्या भागातून ४३ सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, बटणपट्टी मधोमध ठेवून. तेवढाच चौकोन पाठीतून. सुलट बाजू समोरासमोर ठेवून चारी बाजूंनी दीड सेंटिमीटरवर टीप, मग बटणं उघडून उलटवायचं. चाळीस सेंटिमीटरच्या उशीला अभ्रा तयार, चेनशिवाय. उलटवण्यासाठी बटणं शिवायच्या आधीच एक-दोन उघडी ठेवलेली बरी, नाहीतर आतून चाचपत बसावं लागतं.

टेबलक्लॉथच्या बाबतीत एकदा फसले. जाडसर, मधूनमधून गाठी असलेला धागा, पिवळसर पांढरा रंग. मी लिनन समजून घरी आणला. त्या दिवशी सासूबाई गावाला गेलेल्या. इस्त्री लिननच्या खुणेवर ठेवून फिरवली आणि कापड तळाला चिकटलं. गाठीदार धागा पॉलिस्टरचाही काढतात. आता घरी आणलेला प्रत्येक अनोळखी कपडा आधी दोन धाग्यांच्या परीक्षेतून जातो, मगच इस्त्री. पुढच्या उन्हाळ्यात खरं लिनन मिळालं. मध्ये मोठे पिवळे डाग, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने भरलेली वेल. गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर भिजवलं. त्यातून ऑक्सिजनचं ब्लीच मिळतं आणि सुती-लिनन कापडाला ते सोसतं. रेशमाला आणि लोकरीला ते कधी लावू नये. क्लोरीनचं ब्लीच मी जुन्या कापडाच्या जवळपासही नेत नाही, ते आधीच थकलेल्या धाग्याला आणखी कमकुवत करतं. निम्मे डाग गेले. उरलेल्यांच्या भोवती बेतून बिनबाह्यांचा एक टॉप निघाला. वेल पाठीच्या खालच्या कोपऱ्यात आली आहे. ती भरणारीने कोपऱ्यासाठीच भरली होती, मग ती कोपऱ्यातच राहिली.

धुणं आधी, शिवणं नंतर, हे दुकानातून आलेल्या प्रत्येक कपड्याला लागू. कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. बुरशीचा दमट वास एका धुण्यात गेला नाही तर मी तो कपडा सोडून देते. तसा वास येणाऱ्या कापडाचे धागे पुष्कळदा आतून कुजलेले निघालेत.

दोऱ्याबद्दल माझं ठाम मत झालं आहे. जुन्या पातळ सुतावर जाड, चिवट पॉलिस्टरचा दोरा घालू नये. ताण आला की दोऱ्याने तुटावं, कापडाने नव्हे; तुटलेली टीप पाच मिनिटांत पुन्हा मारता येते, फाटलेलं कापड पुन्हा विणता येत नाही. सुईसुद्धा बारीक हवी. चादरीला ८०, त्याहून पातळ कापडाला ७०, जीन्सला १००. हे आकडे म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ८० म्हणजे ०.८ मिलिमीटर. आणि टाका फार बारीक ठेवू नका. मजबुतीसाठी दीड मिलिमीटरचे टाके घातले की विरल्या कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच सुटतं. मी अडीचवर ठेवते, जीन्सला साडेतीन. जीन्सच्या जाड जोडावर टीप मारण्याआधी तो जोड फळीवर ठेवून हातोडीने दोन-चार वेळा ठोकते, थर बसतात आणि सुई मोडत नाही. हे काम अर्थात सकाळचं.

या वर्षीचं मोठं काम पडद्यांचं आहे. शेजाऱ्यांच्या खोक्याच्या तळाशी चार पडदे होते, जाड सुती, मोठ्या मोठ्या पानांचे, गडद हिरवे. पहिल्या दिवशी मनात त्यांचा लांब झगा शिवून झालासुद्धा होता. मग खिडकीला धरले. पडदा चुण्यांत उभा असतो, आणि प्रत्येक चुणीचा पुढे आलेला भाग वर्षानुवर्षं ऊन खातो. उन्हाने धागा कुजतो. आमच्या पडद्यांत दर वीत-सव्वा वीत अंतरावर वरपासून खालपर्यंत फिकट पट्टा होता, आणि अंगठ्याने जरा ताणला की त्यावर कागदासारखी चीर जात होती. दोन फिकट पट्ट्यांच्या मधलं कापड मात्र घट्ट, पानं जशीच्या तशी हिरवी.

झगा होणार नाही हे कळल्यावर मी दोन दिवस ते घडी करून ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मागून घेतले. जमिनीवर पसरून त्यांनी कापडावरून तळहात फिरवला आणि कुजका भाग सुरू होतो तिथे तिथे बोट ठेवत गेल्या. मी त्यांच्या मागून खडूने रेघा मारत गेले. नंतर उजेडात तपासलं, एक रेघ सोडली तर सगळ्या बरोबर होत्या. मधले चांगले पट्टे साधारण अकरा-बारा सेंटिमीटर रुंद निघाले, एकंदर सव्वीस.

त्यांचं आता दुपटं होतं आहे, खालच्या बाळासाठी. पांघरायला नाही, जमिनीवर अंथरायला. ते आता पालथं पडायला लागलं आहे. पट्टे मी दोन सकाळी मशीनवर जोडले, पानं एका दिशेला येतील असे. मागे तीच हिरव्या रेघांची चादर, जिची पाठ फाटली होती. कडांचे तिचे पट्टे अजून शाबूत होते. मध्ये जीर्ण टॉवेलचा एक थर. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवले, आणि आता त्यावर हाताने धावदोरा चालू आहे, बोटभर अंतराच्या ओळींत.

धावदोरा सासूबाई घालतात. ओळ त्यांना दिसत नाही. पट्ट्यांच्या जोडाची कड डाव्या अंगठ्याखाली ठेवतात आणि त्याच्या शेजारून सुई नेतात. जिथे जोड नाही तिथे मी आधी काढून ठेवलेली नखाची घडी त्यांना लागते. टाके माझ्यापेक्षा सारखे येतात. सुईत दोरा ओवणं मात्र जमत नाही, म्हणून सकाळी मशीन झाकायच्या आधी मी दहा सुयांत दोरा ओवून, गाठ मारून, टाचणीच्या उशीत ओळीने टोचून ठेवते. दुपारी खाली बाळ झोपतं, मी खिडकीशी उसवत बसते, त्या पलीकडे भिंतीला टेकून दुपटं मांडीवर घेऊन बसतात. फारसं बोलणं होत नाही.

काल संध्याकाळी उशी पाहिली तर नऊ सुया रिकाम्या होत्या. आज बारा ओवल्या आहेत.